पाचाच्या आधीचं चिन्ह

रायपूर,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू म्हणशील, वनमालाला इतक्या वर्षांनी आत्या आठवली म्हणजे काहीतरी काम असणार. काम आहेच. उगाच लपवत नाही.

मी ओपन स्कूलचा दहावीचा फॉर्म भरलाय. हसू नकोस. वय एकोणचाळीस, पण फॉर्मवर वयाची अट नाही. कारण असं, की इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी आठ वर्षं ठेक्यावर आहे, तिथले सुपरवायझर उन्हाळ्यात रिटायर होताहेत. ती जागा पक्की आहे. नवे मॅनेजर भार्गव साहेब म्हणाले, दहावी काढ, मग बघू. यशदीपची कंबर आता रोलिंग मिलच्या कामाला कुरकुरते. शिफ्ट करून आला की दाराच्या चौकटीला धरून बसतो. आम्हा नवरा-बायकोत एकाची तरी नोकरी पक्की हवी, ती माझीच असू शकते.

बाकीचे विषय रेटून नेईन. गणितात मात्र पहिल्याच पायरीवर पाय अडकलाय. सेंटरच्या सरांनी चाचणी घेतली, त्यात उणे चिन्हाचे सगळे प्रश्न चुकले. उणे १८ आणि उणे २० यांत मोठी संख्या कोणती? मी लिहिलं, उणे २०. सरांनी फुली मारली. का, ते विचारलं तर म्हणाले, "नियम है।"

आत्या, आठ वर्षं मी चेंबरचं तापमान तपासते. आइसक्रीम आणि मटारच्या चेंबरला कधी अठरा, कधी वीस. संध्याकाळी पॅनेलजवळच्या फळ्यावर रात्रीचा आकडा मी लिहिते आणि ऑपरेटर तो मशीनला भरतो. उणे असं आमच्याकडे कोणी म्हणतही नाही आणि लिहीतही नाही, सगळंच उणे असल्यावर कशाला म्हणायचं? आणि वीस म्हणजे अठरापेक्षा कडक, हे तर मजुरांनाही माहीत. मग पुस्तक उलटं का सांगतं?

फोन केला असता, पण तुझ्या कानांचं मला ठाऊक आहे. शिवाय बाबा म्हणायचे, प्रमोदिनीचं गणित ऐकायचं नसतं, वाचायचं असतं. पुस्तक हिंदीत आहे, पण पूर्णांक इकडेही पूर्णांकच आहेत. एवढं समजावून दे.

तुझी,
वनमाला


तुमसर,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. वनमाला,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला, की शेजारीण धावत आली. मी मोठ्यानं हसले असणार, मला काही ऐकू आलं नाही. रिटायर झाल्यापासून मला कोणी गणित विचारलेलं नाही. लोक विचारतात, गुडघे कसे आहेत.

आता ऐक. मोजायला एक, दोन, तीन पुरतात. पण तीनातून पाच काढा म्हटलं की हे आकडे हात वर करतात. म्हणून शून्याच्या पलीकडे तेवढीच माणसं वसवली, उणे एक, उणे दोन, उणे तीन. या सगळ्यांचं, शून्यासकट, मिळून जे गाव ते पूर्णांकांचं. इथले कुठलेही दोघे घे, त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कर, उत्तर गावातच मिळतं. भागाकार तेवढा उनाड आहे, तो कधीकधी वेशीबाहेर जातो.

मोठं कोण, लहान कोण? तुझ्याजवळ थर्मामीटर आहे, तुला वेगळी संख्यारेषा कशाला हवी? ती तर उभी करून ठेवलेली संख्यारेषाच. जे वर ते मोठं. उणे वीसवर असलेल्याला उणे अठरापर्यंत जायला चढावं लागतं की उतरावं लागतं? चढावं लागतं ना? मग उणे अठरा मोठी. तुम्ही गोदामात मोजता ते शून्यापासूनचं अंतर. ते वीसचं जास्त, यात वाद नाही. पण लांब गेला म्हणून कोणी मोठा होत नाही.

सरांवर रागावू नकोस. नियम सांगणं सोपं असतं, पन्नास पोरांच्या वर्गात तेवढंच उरकतं.

सोबत उदाहरणांची दोन पानं जोडली आहेत. उत्तरं मागे लिहिलेली नाहीत, तू मला ओळखतेस. एक प्रश्न इथेच घे: सर्वांत लहान पूर्णांक कोणता? आणि यशदीपला म्हणावं, कमरेला शेक दे आणि वाकून काही उचलू नको.

तुझी आत्या,
प्रमोदिनी


रायपूर,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

सर्वांत लहान पूर्णांक नाहीच! कितीही खाली उतरा, आणखी एक पायरी असतेच. हे मला बसमध्ये उभी असताना सुचलं आणि मी एकटीच हसले. शेजारची बाई जरा सरकून उभी राहिली. उदाहरणं सोडवून पाठवतेय. दुसऱ्या पानावरचं सातवं मुद्दाम अवघड घातलंस ना? तरी आलं.

इथे मला एक मास्तर मिळालाय. लोकेश म्हणून आमचा पॅनेल ऑपरेटर आहे, आयटीआय केलेला, सव्वीस-सत्तावीसचा पोट्टा. तिल्ड्याकडच्या खेड्यातला, आता बायकोला घेऊन बीरगावात भाड्यानं राहतो. मला दीदी म्हणतो. चहाच्या सुट्टीत अचानक विचारतो, "दीदी, माइनस सात में माइनस तीन जोड़ो।" मी बोटं मोडायला लागले की खदखदा हसतो आणि मग नीट समजावतो. परवा मी न अडखळता उणे दहा म्हटलं तर म्हणाला, "हव! अब आप पास हो गईं।"

आता खरी अडचण. उणे गुणिले उणे बरोबर अधिक. हे पाठ केलं, पण पटत नाही. यशदीपला विचारलं, तर त्यानं भाताचं भांडं उतरवून गंभीरपणे विचार केला. हल्ली मी अभ्यासाला बसले की भात तोच टाकतो. म्हणाला, "मले तं वाटते, दोन उणे भेटले का आणखी मोठा उणे झाला पायजे. हे अधिक काहून होते?" मी म्हटलं, ते बेरजेचं झालं. तो म्हणाला, "मंग गुणाकार बदमाश आहे."

गोदामात नवं चेंबर तयार होतंय, फळांसाठी. जानेवारीत काटोलची संत्री येणार आहेत. कामं वाढली, पण अभ्यास सुटत नाही. खरं सांगू? दिवसभरात मला सर्वांत बरं वाटतं ते वही उघडल्यावर.

तुझी,
वनमाला


तुमसर,
२४ डिसेंबर २०२४

चि. वनमाला,
जयभीम आणि आशीर्वाद.

यशदीपला सांग, त्याची शंका शंभर नंबरी आहे. मोठमोठ्यांना ती छळत होती. उत्तर तुझ्या चेंबरमध्येच आहे.

समज, चेंबर थंड होतंय, तासाला दोन अंशांनी उतरतंय. म्हणजे बदल उणे दोन. आत्ता काटा शून्यावर आहे. तीन तासांनी कुठे असेल? तीन गुणिले उणे दोन, उणे सहावर. आता मागे जा. तीन तासांपूर्वी, म्हणजे उणे तीन तास, काटा कुठे होता? उतरत उतरत शून्यावर आला, तर आधी वरच असणार. अधिक सहावर. उणे तीन गुणिले उणे दोन बरोबर अधिक सहा. यात कोणी बदमाशी केली का?

आता आणखी एक सवय लाव. बेरजेत आणि गुणाकारात आधी कोण, नंतर कोण, यानं बिघडत नाही. वजाबाकीत बिघडतं. पाचातून तीन आणि तीनातून पाच ही एकच गोष्ट नव्हे. घाईत हा क्रम उलटा होतो आणि हातचे गुण जातात.

लोकेशला माझा आशीर्वाद सांग. शिकवताना हसणारा मास्तर मिळाला, नशीब काढलंस.

तुझी आत्या,
प्रमोदिनी


रायपूर,
२१ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

घाईत लिहितेय. एकच प्रश्न आहे. एखाद्या संख्येच्या आधी चिन्ह लिहिलंच नसेल, तर ती अधिक समजायची की उणे? पुस्तकाप्रमाणे काय ते स्पष्ट लिही, आणि खाली तू किती वर्षं गणित शिकवलंस तेही लिही. स्पीड पोस्टनं पाठव.

बाकी सगळं ठीक. तुझ्या उतरणाऱ्या काट्याचं यशदीपला पटलं.

वनमाला


तुमसर,
२३ जानेवारी २०२५

चि. वनमाला,
आशीर्वाद.

चिन्ह नसेल तर संख्या धन. पाच म्हणजे अधिक पाच. उणे असेल तर उणेचं चिन्ह लिहावंच लागतं. कुठल्याही भाषेतलं, कुठल्याही इयत्तेचं पुस्तक उघड, हेच असेल. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई हे छातीठोकपणे सांगते आहे.

सेंटरच्या सरांशी वाजलेलं दिसतं! वाजू दे. खुशाल माझं नाव सांग. गणितात एक बरं असतं, आपण बरोबर असलो तर समोर कोण बसलंय याची भीती बाळगायची गरज नाही.

पेपर जवळ आला. जेवण-झोप सांभाळ.

तुझी आत्या,
प्रमोदिनी


रायपूर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वेळेवर मिळालं आणि त्यानं माझं काम झालं. वाजलं होतं ते सरांशी नव्हे. आता सगळं सांगते.

संत्र्यांचं चेंबर सुरुवातीला मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर सांभाळत होता. जानेवारीतल्या त्या शनिवारी ते पहिल्यांदा आमच्या ताब्यात आलं. संत्र्यांना पाच अंश हवेत, शून्याच्या वरचे. मी संध्याकाळी फळ्यावर जुन्या चेंबरांसमोर नेहमीप्रमाणे अठरा आणि वीस लिहिलं, नव्यासमोर पाच. लोकेशनं पॅनेलला भरलं, उणे पाच. रविवारी सुट्टी, दारं बंद. सोमवारी चेंबर उघडलं तर संत्री दगडासारखी. दुपारपर्यंत उन्हात ठेवलेल्या क्रेटमधून पाणी गळायला लागलं. सगळा माल गेला. काटोलचा व्यापारी आला, त्यानं एक संत्रं सोलून साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि तिथेच बसून राहिला.

भार्गव साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. लोकेश म्हणाला, "सर, यहाँ बोर्ड पर जो लिखते हैं, सब माइनस ही रहता है। दीदी से पूछ लो।" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मैंने पाँच लिखा था, सर। पाँच मतलब पाँच।" साहेब ऑक्टोबरात बिलासपूरहून आलेत, फळ्यासमोर ते कधी उभे राहिलेले नाहीत. म्हणाले, दोघं आपापलं लेखी द्या, एकाला तर जावं लागेल. त्याच संध्याकाळी मी तुला लिहिलं.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं, हिंदीत करून. ते म्हणाले, "बत्तीस साल की टीचर है, किताब की बात है, और क्या चाहिए।" लोकेशला त्याच दिवशी काढलं. त्यानं जॅकेट काढून खुंटीला लावलं आणि गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीचे लोक उभे होते, कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना घरं आहेत. आता तो सकाळी रोजीसाठी नाक्यावर उभा राहतो असं कळलं.

साहेब मला म्हणाले, रिझल्ट आणा, जागा तुमची.

मी खोटं तर बोलले नाही ना, आत्या? पाच म्हणजे पाचच ना? एवढं लिहून पाठव. हल्ली वही उघडली की आकडे नुसते दिसतात, डोक्यात शिरत नाहीत.

तुझी,
वनमाला


तुमसर,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. वनमाला,
जयभीम.

तू खोटं बोलली नाहीस. पण पोरी, खरंही बोलली नाहीस.

मी लिहिलं ते पुस्तकात आहे, आणि बरोबर आहे. पण पुस्तकात ते कुठून आलं, हे मी लिहिलं नाही. चिन्ह नसलं तर अधिक समजायचं, हे गणितानं सिद्ध केलेलं नाही. हा माणसांचा आपसांतला ठराव आहे. रोज अधिकचं चिन्ह काढायचा कंटाळा आला, म्हणून सगळ्यांनी मिळून ते गाळायचं ठरवलं. तुमच्या गोदामात सगळं शून्याच्या खाली, म्हणून तुम्ही उणे गाळायचं ठरवलंत. तेही चाललं, आठ वर्षं विनातक्रार चाललं. तू पहिल्याच पत्रात ते मला लिहिलं होतंस. लोकेशनं तुमचा ठराव पाळला. तू तोच पाळत आलीस, आणि साहेबांसमोर मात्र पुस्तकाच्या ठरावात जाऊन उभी राहिलीस. त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की आजपासून बदललंय.

मी तुला नावं ठेवत नाही. नोकरी जाईल या भीतीनं माणूस काय करतो, हे मला चांगलं माहीत आहे. कान गेले तेव्हा पोरांच्या ओठांकडे बघून मी वर्ग काढले आहेत. तुझ्या घरची कंबर, ठेक्याची नोकरी, सगळं मला इथे बसून दिसतं. तुझ्या जागी असते तर मी काय केलं असतं, देव जाणे, आणि देव मी मानत नाही.

राग आला तो माझा मला. प्रश्न कशासाठी विचारतेस, एवढं विचारायचं सुचलं नाही. कोणीतरी गणित विचारतंय म्हणून मी इतकी हरखले होते. माझं नाव पुढे झालं आणि एका पोराची रोजी गेली, ते मला सोसवत नाही.

सोबत भार्गव साहेबांच्या नावे हिंदीत एक पत्र ठेवलंय. त्यात मी वरचंच लिहिलंय, तुझ्यावर बोट न ठेवता. ते दिलंस तर तुझी पक्की जागा जाऊ शकते, हे मला कळतं. म्हणून ते थेट त्यांना न पाठवता तुझ्याकडे देते आहे. दिलं नाहीस तरी तू माझी भाचीच राहशील आणि उदाहरणं येतच राहतील. पण आकडे डोक्यात का शिरत नाहीत, ते तुझं तुलाही कळलंय असं मला वाटतं.

तुझी आत्या,
प्रमोदिनी


रायपूर,
२ मार्च २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी साहेबांना दिलं नाही. आधी पूर्ण वाच, मग रागव.

आठवडाभर ते तांदळाच्या डब्यामागे पडून होतं. यशदीपला सापडलं. त्यानं वाचलं, आणि मी त्याला जे अर्धवट सांगितलं होतं ते पूर्ण झालं. त्यानं पत्राची घडी घालून ते परत पाकिटात ठेवलं. मग म्हणाला, "त्या पोट्ट्यानं तुयं काय घोडं मारलं होतं वं? तुले शिकवत होता तो." मी म्हटलं, तुझी कंबर, पक्की जागा. त्यावर चिडला. "माया कमरेच्या नावावर हे नको करू. मले नाही चालत." आठ-दहा वर्षांत तो माझ्यावर असा ओरडला नव्हता. मग स्वतःच चहा करून आणला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. तुझं पत्र पर्समध्ये होतं, पण वाटलं, एकदा तुझ्या पत्राआड लपून झालं, आता नको. म्हटलं, "सर, आठ साल से हम लोग माइनस लिखते ही नहीं हैं। लोकेश ने वही पढ़ा जो यहाँ सब पढ़ते हैं। गलती उसकी अकेले की नहीं है, ज़्यादा मेरी है।" आणि जे तुलाही लिहिलं नव्हतं ते सांगितलं. त्या संध्याकाळी पाच लिहून झाल्यावर मी थांबले होते. तुझ्याकडूनच सगळं शिकत होते, पाचाच्या आधी अधिकचं चिन्ह लिहावं असं मनात आलं होतं. बाहेर शिफ्टची बस हॉर्न देत होती. म्हटलं, संत्री आहेत, कोणालाही कळेल. आणि खडू ठेवून दिला.

साहेब म्हणाले, मग हे तेव्हा सांगायला काय झालं होतं? मी दाराकडे पाहिलं. दारात नत्थूकाका उभे होते, माल चढवणारे, सर्वांत जुने. ते म्हणाले, "हव साहब, दीदी सही कह रही है। हम सब जानते थे।" साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, सुपरवायझरची जागा विसरा. मला पॅनेलवरून काढून मटार निवडायच्या खोलीत टाकलंय. फळ्यावर आता प्रत्येक आकड्याला चिन्ह लावायचं असा हुकूम निघाला. लोकेशबद्दल फक्त "सोचेंगे".

रविवारी यशदीपला घेऊन बीरगावला गेले. लोकेशची गाडी अंगणात होती. त्याची बायको भावना दारात आली आणि म्हणाली, "वो घर पर नहीं हैं।" आम्ही परत आलो.

आत्या, पेपर तीन आठवड्यांवर आहे. जागा तर गेली. आता बसू की नको?

तुझी,
वनमाला


तुमसर,
८ मार्च २०२५

चि. वनमाला,
जयभीम आणि खूप खूप आशीर्वाद.

बसायचं. हे विचारायला तू पत्र कशाला वाया घालवलंस?

जागेसाठी सुरुवात केलीस हे खरं. पण सर्वांत लहान पूर्णांक नाही हे कळल्यावर बसमध्ये एकटी हसलीस, ते जागेसाठी नव्हतं. ते तुझं आहे आणि कुठलाही साहेब ते काढून घेऊ शकत नाही.

तू साहेबांसमोर माझ्या पत्राशिवाय उभी राहिलीस. मी डोळे पुसले, मग चष्मा पुसला आणि तुझ्यासाठी उदाहरणं काढायला बसले. सोबत आहेत. वजाबाकीत क्रम बघ.

लोकेशकडे पुन्हा जाऊ नकोस. दार त्यांचं आहे, उघडायचं तर ते उघडतील.

तुझी आत्या,
प्रमोदिनी


रायपूर,
२७ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

सगळे पेपर झाले. गणिताचा बरा गेला. एका ठिकाणी क्रम उलटा केला, बाहेर आल्यावर लक्षात आलं आणि तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. रिझल्टला वेळ आहे. सुपरवायझरच्या जागेवर बाहेरून एक मुलगा घेतलाय. मी मटार निवडते. यशदीपला मिलमध्ये बसून करायचं काम मिळालं, पगार कमी आहे, पण घरी येतो तेव्हा चौकट धरत नाही.

लोकेशला मार्चअखेरीस परत बोलावलं. उन्हाळा लागला, पॅनेल सांभाळणारा माणूस मिळेना, साहेबांचा नाइलाज झाला. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. चहाला दुसऱ्या बाकावर बसतो. मला वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

आज सकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर भावना. लोकेश तिला कोपऱ्यावर सोडून गेला होता, वर आला नाही. हातात कापडी पिशवी. मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, नववीत शाळा सुटली, आता ओपन स्कूलचा फॉर्म भरायचाय. "वो बोले, हिसाब सीखना है तो वहीं जाओ, वो अच्छा समझाती है।"

मी वही आणायला उठले, तर तिनं हातानंच थांबवलं. माझ्या निम्म्या वयाची मुलगी, पण नजर खाली नाही केली.

"पहले एक बात बताओ। दो महीना वो नाके पे खड़ा रहा। आप तो सब जानती थीं। उस दिन साहब को सच काहे नहीं बोलीं?"

यशदीप आत भात धूत होता, त्याचा हात थांबल्याचं मला कळलं. सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं, आत्या. आठ वर्षं, कंबर, पुस्तकाचा नियम. सगळं ओठांपर्यंत आलं.

"डर गई थी," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पाण्याचा पेला उचलून सगळं पाणी प्याली, पिशवीतून पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पहिलं पान उघडलं.

तुझी,
वनमाला